श्रद्धा, उद्योग आणि पंडिता रमाबाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



प्रथम मंडळाचे अभिनंदन करते. बायकांचे मंडळ काढणे सोपे असते. ते वर्षानुवर्षे चालवणे अवघड असते. पहिल्या हळदीकुंकवाला गर्दी होते, दुसऱ्या सभेला निम्म्या येतात, आणि तिसऱ्या सभेला सतरंजी घालणारी व सतरंजी उचलणारी अशा दोघीच उरतात. आपल्या मंडळाचे तसे झाले नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

मला विषय दिला आहे तो असा : उद्योगधंद्यात पुढारपण करणाऱ्या बाईला तिच्या धर्मश्रद्धेचा काय उपयोग होतो, आणि त्यातही ख्रिस्ती स्त्रियांनी या बाबतीत कोणता धडा घालून दिला आहे? हळद व मसाले तयार करून विकण्याचा उद्योग सुरू करावा असे मंडळाच्या मनात आहे, त्याविषयी बोलणी चालली आहेत, आणि त्या बोलण्यांतूनच हा विषय निघाला असे मला कळले. मंडळात हिंदू आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, दोनचार ख्रिस्ती घरेही आहेत. मी स्वतः माळकऱ्यांच्या घरात वाढलेली. एकादशी करणारी बाई ख्रिस्ती पुढारपणावर काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात काही वावगे नाही. परंतु चांगले बियाणे शेजारच्या शेतातून आणले म्हणून आपल्या रानात उगवत नाही असे थोडेच आहे?

धंद्याला काय लागते असे विचारले तर आपण लगेच म्हणतो, भांडवल लागते, माल लागतो, गिऱ्हाईक लागते. हे तिन्ही खरे. पण चौथी गोष्ट नसेल तर ही तिन्ही असून नसल्यासारखी, आणि ती म्हणजे एकमेकींवरचा विश्वास. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. घेणाऱ्याला कळते, देणाऱ्याला कळते, भोवतालच्यांना कळत नाही. दोघांच्या धंद्याला ती रीत चालून जाते. वीस बायकांच्या धंद्याला ती चालत नाही. वीसजणींचा पैसा, वीसजणींचे श्रम, आणि हिशेब मात्र रुमालाखाली, असे झाले की मंडळ संपले म्हणून समजावे. तेव्हा पुढारी बाईपुढे खरा प्रश्न असतो तो हा, की कोणी पाहत नसताना आपण कशाला धरून वागावे? येथे श्रद्धेचा संबंध येतो.

ख्रिस्ती धर्मग्रंथात उद्योगी बाईचे एक चित्र आहे. जुन्या करारातील नीतिसूत्रांच्या अगदी शेवटच्या अध्यायात ते येते. ही बाई लोकर आणि ताग आणून हातांनी काम करते. शेत पाहते, पारखते आणि विकत घेते. आपल्या कमाईतून द्राक्षांचा मळा लावते. कापड विणते आणि व्यापाऱ्याला देते. रात्री तिचा दिवा मालवत नाही. आणि हे सगळे सांगत असतानाच तो ग्रंथ सांगतो की गरिबापुढे तिचा हात उघडा असतो व तिच्या जिभेवर मायेची शिकवण असते. बहिणींनो, हे चित्र मला फार आवडते, कारण यात शेत पारखणे आणि दानधर्म करणे या दोन गोष्टी दोन बायकांकडे दिलेल्या नाहीत. एकाच बाईच्या अंगी आहेत. नव्या करारात लुदिया नावाच्या एका व्यापारी बाईची हकीकत आहे. ती थुवतीरा शहरची, जांभळ्या रंगाचे भारी कापड विकणारी. फिलिप्पै गावी तिने पौलाचा उपदेश ऐकला, बाप्तिस्मा घेतला, आणि आपले घर त्या नव्या मंडळीसाठी उघडे केले. आणि पुढारपण कसे असावे याचा ख्रिस्ती नमुना तर सर्वांना ठाऊक आहे. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल गुंडाळून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. ज्याला पुढे व्हावयाचे आहे त्याने आधी खाली वाकावे, असा त्याचा अर्थ.

या शिकवणीचा बाजारात उपयोग झाल्याचे एक उदाहरण विलायतेतले सांगते. क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ सतराव्या शतकात इंग्लंडात निघाला. खोटे बोलावयाचे नाही, हा त्यांचा कडक नियम. दुकानात घासाघीस करताना आधी चढा भाव सांगून मग उतरणे हेही त्यांना खोटेच वाटे. म्हणून त्यांनी एकच भाव सांगण्याची रीत धरली. लहान पोराला दुकानात पाठवले तरी तोच भाव, हे लोकांना कळले आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळले. पुढे चॉकलेटच्या धंद्यात नावाजलेली कॅडबरी, फ्राय व राउंट्री ही घराणी याच पंथाची.

पण विलायतेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या मराठी मुलखात, पुण्याकडून दौंडला जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर केडगाव म्हणून स्टेशन आहे. तेथे एका मराठी ख्रिस्ती बाईने उद्योगांचे जे गाव वसवले त्याच्या तोडीचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे चरित्र आपल्यापैकी पुष्कळजणींनी शाळेत वाचले असेल. म्हणून थोडक्यात सांगते. 1858 साली त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून बायकोला संस्कृत शिकवले, आणि आईने ते रमाबाईंना शिकवले. पुराणे सांगत कुटुंब देशभर पायी फिरले. दुष्काळात आईबाप गेले. बहीणभाऊ चालत चालत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले, आणि तेथील विद्वानांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बंगाली गृहस्थ बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आत तेही पटकीने गेले. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी. वय चोविसाच्या आत. 1882 साली त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. 1883 साली विलायतेस गेल्या आणि तेथे वाँटेज गावी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 च्या मार्चमध्ये मुंबईस विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडले, ते पुढे पुण्यास नेले.

आता उद्योगाच्या दृष्टीने हे चरित्र पाहू. या बाईकडे भांडवल काय होते? नवरा नाही, वतन नाही, सोनेनाणे नाही. विद्या होती आणि लेखणी होती. पुण्यास त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, त्याच्या विक्रीचा विलायतेच्या प्रवासखर्चाला आधार झाला. अमेरिकेत त्या गेल्या त्या आनंदीबाई जोशी डॉक्टरीण होणार त्या समारंभासाठी, 1886 साली. तेथे हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते 1887 साली निघाले व पुष्कळ खपले. त्या पैशांतून आणि ठिकठिकाणच्या व्याख्यानांतून शारदा सदनाची पायाभरणी झाली. बोस्टन शहरी ‘रमाबाई असोसिएशन’ नावाची संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्चाला मदत करण्याचे वचन दिले. अमेरिकेतल्या बायका सभा कशा भरवतात, नियम कसे करतात, कोणकोणते धंदे करतात, हे सारे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि परत आल्यावर 1889 साली अमेरिकेवर मराठीत एक चांगले जाडजूड पुस्तक लिहून आपल्या लोकांस सांगितले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. दहा वर्षांची मदत मिळाली म्हणजे आपल्यासारखीला वाटेल, आता दहा वर्षे घोर नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे लोक काही कमी नाहीत. रमाबाई अकराव्या वर्षाचा विचार करीत होत्या. मदतीची मुदत 1898 साली संपणार, त्याच्या आधीच त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली; फळांच्या उत्पन्नावर पुढे सदन चालावे हा हेतू. आज आपल्याकडे बचत गटाला अनुदान मिळते, बँकेचे कर्ज मिळते. ते मिळाले त्या दिवशीच ते संपेल त्या दिवसाचा विचार करणे, याला मी पुढारपण म्हणते. मुदत संपल्यावर 1898 साली रमाबाई स्वतः अमेरिकेस गेल्या, मदत देणाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि दहा वर्षांत काय केले ते सांगितले. ती मंडळी दरसाल छापील अहवाल काढीत असत. पैसा देणारा सात समुद्रांपलीकडे. तरी हिशेब उघडा.

केडगावच्या त्या मळ्याचे गाव कसे झाले, ते दुष्काळाने झाले. 1896–97 साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. ज्या बाईने आपले आईबाप दुष्काळात घालवले तिला त्या उपाशी पोरी पाहून काय वाटले असेल, ते मी सांगावयास नको. त्यांनी सुमारे तीनशे मुली व बायका आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ. शहरात एवढ्यांना ठेवता येईना. मग केडगावच्या रानात त्यांना नेले, आधी झोपड्या आणि मग पक्की घरे उभी राहिली, आणि त्याला ‘मुक्ती सदन’ असे नाव मिळाले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेकडील मुली आल्या, आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे गाव म्हणजे काय? हदगावच्या आसपासची कित्येक खेडी यापेक्षा लहान आहेत. या सगळ्यांना रोज दोन वेळ जेवू घालावयाचे, अंगावर वस्त्र द्यावयाचे, आणि भिकेची सवय लागू द्यावयाची नाही. रमाबाईंनी यासाठी उद्योग काढले. शेती आणि मळा होताच. गाईगुरे आणि दूधदुभते, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम व भरतकाम, धोबीकाम, भटारखाना, आणि छापखाना. आंधळ्या मुलींना उठावाच्या ठिपक्यांची ब्रेल लिपी शिकवण्याची व्यवस्था मनोरमाबाईंनी केली, आणि त्यांच्या हातांना वेताचे विणकाम दिले. फसवणुकीला बळी पडलेल्या बायकांसाठी वेगळे ‘कृपा सदन’ होते, म्हाताऱ्यांसाठी ‘प्रीती सदन’ होते.

यातले व्यवहाराचे मर्म आपण समजून घेतले पाहिजे. दोन हजार माणसांचे घर हीच तेथील मालाची पहिली पेठ होती. घाण्याचे तेल प्रथम घरच्या चुलीवर जाई, मागावरचे कापड प्रथम घरच्यांच्या अंगावर येई. शिकाऊ हातांनी केलेला माल घरात खपत असल्याने शिकण्याला सवड मिळे, आणि हात बसला की मग तो हुन्नर बाईच्या पोटाला कोठेही कामी येई. मंडळाची हळद पहिल्या दिवशी मुंबईला विकावयास निघू नका. आपल्या घरांतून वर्षाची हळद, तिखट, मसाला किती लागतो ते आधी वहीत मांडा. शंभर घरांची वर्षाची हळद म्हणजे काही थोडी नव्हे! सासूबाईंच्या जिभेला पसंत पडली तर गिऱ्हाइकाच्या जिभेला पसंत पडेलच, कारण सासूबाईंपेक्षा कडक पारख कोणत्याही बाजारात होत नाही.

दुसरे मर्म असे, की दोन हजार मुलींवर देखरेख करावयास रमाबाईंनी बाहेरून माणसे फार आणली नाहीत. आधी आलेल्या आणि शिकलेल्या मुलींच्या हाती नंतर आलेल्या मुलींचे गट दिले. काल जिला भाकरी मिळत नव्हती, ती आज वीसजणींच्या भाकरीची व्यवस्था पाहते. माणसाला काम दिले की त्याचे पोट भरते. जबाबदारी दिली की त्याची मान वर होते. पुढारी बाईने स्वतः किती काम केले यावरून तिची परीक्षा करू नये. तिच्या हाताखालून किती पुढारणी तयार झाल्या यावरून करावी. शारदा सदनातील पहिल्या विधवा मुलींपैकी गोदूबाई या पुढे 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या, हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करीत. बायकांनी ‘बाया’ म्हणून प्रेमाने ज्यांना ओळखले त्या याच. एका दिव्यावरून दुसरा दिवा लागतो तो असा.

छापखान्याची हकीकत तर मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून सबंध बायबलचे मराठीत भाषांतर केले. आधीचे भाषांतर होते, पण कमी शिकलेल्या बाईला ते जड वाटे. म्हणून सोप्या मराठीत केले. खिळे जुळवणे, छापणे ही कामे मुक्तीतल्या मुली व बायका करीत. मनोरमाबाई 1921 साली वारल्या. एकुलती एक लेक, उजवा हात, तो गेला. रमाबाई स्वतः आजारी होत्या. तरी काम सोडले नाही. ते संपवले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. सबंध ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. ही बाई गेल्यावर तिचे छापखान्यातले काम बंद पडले नाही, आणि मुक्ती मिशन केडगावात आजही चालू आहे.

आपल्या मराठवाड्याशीही त्यांचा धागा आहे. हदगाव, नांदेड ही 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती, आणि गुलबर्गाही त्याच राज्यात. आयुष्याच्या शेवटच्या दहाएक वर्षांत रमाबाईंनी गुलबर्ग्यास मुलींसाठी शाळा काढली आणि मनोरमाबाईंनी ती वाढवली. बायकांच्या शिक्षणाचा वारा ज्या राज्यात फारसा पोहोचला नव्हता तेथे या मायलेकी आपण होऊन आल्या.

आता जो भाग अवघड आहे त्याकडे वळते. विषय श्रद्धेचा आहे, आणि श्रद्धेची गोष्ट सांगताना गोडगोड तेवढे सांगणे हा श्रद्धेचाच अपमान होईल.

रमाबाई कोणाच्या हाताखालच्या ख्रिस्ती नव्हत्या. विलायतेत ज्या धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांची अपेक्षा होती की या नव्या मुलीने वडीलधाऱ्यांचे निमूटपणे ऐकावे. रमाबाई कृतज्ञ होत्या, पण सद्‌सद्विवेकबुद्धी त्यांनी गहाण टाकली नाही. त्यांना घालावयास दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्यांनी विचारले, मला न येणाऱ्या भाषेतली अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत? त्यांनी मुलग्यांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्याही बाबतीत त्यांनी पत्रातून वाद घातला. ज्या बाईने एका धर्मातील पुरोहितांचे जोखड उतरवले ती दुसऱ्या धर्मातील पुरोहितांचे जोखड मानेवर घेईना. पुढारी बाईला ही ताठ मान हवी. देणगीदार असो, सरकारी साहेब असो, की घरचे कर्तेधर्ते असोत, उपकार मानावे, पण निर्णय आपला आपण करावा.

याच ताठ मानेची दुसरी बाजू 1893 साली पुण्यात दिसली. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही, हिंदू मुलींना आपले आचार पाळता येतील, असे ठरलेले होते; तेथे शाकाहार होता, आणि सोवळेओवळे पाळणाऱ्यांची सोयही होती. रमाबाई स्वतः पहाटे प्रार्थना करीत, आणि दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. बोलबाला झाला, वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी स्त्रीशिक्षणाची कैवारी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि वीसपंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावले नाही, पण आईच्या खोलीत येणाऱ्या लेकराला मी दार लावणार नाही. पालकांचे म्हणणे असे, की लहान वयाच्या, निराधार, तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलीची इच्छा ती खरोखर तिची किती आणि तुमची किती, हे कोण ठरवणार?

बहिणींनो, दोन्ही बाजूंचे म्हणणे मला कळते. रमाबाईंची माया खोटी नव्हती. पालकांची शंकाही खोटी नव्हती. केडगावला मुक्ती सदन उघड उघड ख्रिस्ती संस्था म्हणून चालले, त्यामुळे तेथे निदान शब्दाचा घोळ राहिला नाही. पण प्रश्न संपला नाही, आणि जेथे जेथे श्रद्धावान पुढारी आहे तेथे तेथे तो उभा राहतो. माझे मत विचाराल तर मी असे म्हणेन : पुढारी बाईची श्रद्धा हे तिचे बळ असावे, हाताखालच्या बाईच्या भाकरीची ती किंमत असू नये. माझ्या देवामुळे मी खरे तोलते, खरे बोलते, रात्री उशिरापर्यंत दिवा लावून हिशेब जुळवते, हे माझ्या देवाचे देणे. पण तू माझ्या देवाला हात जोडशील तर तुला कामावर घेईन, असे म्हटले की श्रद्धेचा सौदा झाला. हा नियम ख्रिस्ती बाईला लागू आहे तसाच माळकरी बाईला, नमाज पढणाऱ्या बाईला आणि बुद्धवंदना म्हणणाऱ्या बाईलाही लागू आहे. आपल्या उद्योगाच्या शेडमध्ये नारळ फुटेल. पण ज्या बहिणीला तो प्रसाद नको असेल तिचा रोज कापला जाणार नाही, आणि तिच्याकडे कोणी वाकडे पाहणार नाही, हे आजच ठरवून ठेवा.

हे बोलण्याचे कारण आहे. एका गावात एक बचत गट होता. गावाचे नाव घेत नाही. बायका मेहनती, शेवया आणि पापड उत्तम, विक्री चांगली. तेथील हिशेबाची वही एका घरच्या कपाटात, आणि किल्ली घरधन्याच्या जानव्याला. वही पाहू द्या असे कोणी म्हटले की उत्तर मिळे, ‘आमच्यावर भरवसा नाही का?’ भरवशाच्या नावाने भरवसा बुडवला. दोन वर्षांत गट मोडला, आणि सहीच्या ठिकाणी अंगठा उठवलेल्या बायकांच्या मागे बँकेचे कर्ज लागले. श्रद्धा म्हणजे डोळे मिटणे नव्हे. जिची देवावर श्रद्धा आहे तिला वही उघडी ठेवण्याचे भय वाटण्याचे कारणच नाही.

आणि एक शेवटचे, जे बोलल्याशिवाय रमाबाईंचे नाव घेण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या सगळ्या उद्योगाचे मूळ विधवेच्या दुःखात होते. आज केशवपन गेले, कायदे झाले, मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळाला. तरी आपल्या या कापूस-सोयाबीनच्या मुलखात कर्जापायी ज्यांच्या घरचा कर्ता माणूस गेला अशा किती बायका आहेत, ते तुम्ही जाणता. शेत त्या करतात, पोरे त्या शिकवतात, बँकेत त्या जातात. आणि हळदीकुंकवाला मात्र मागच्या भिंतीला टेकून बसतात. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. ठराव कागदावर होतो. तो चुलीपर्यंत आणावयाचा तर बायकांनीच आणला पाहिजे. आपण हळदीचा उद्योग काढणार. जिच्या कपाळाला हळद लावावयास आपला हात कचरतो, तिच्या हातची हळद विकून आलेला नफा आपल्याला कसा चालेल? आपल्या मंडळात हिशेबाला चोख, बोलण्यात मृदू आणि बाजार ओळखणारी बाई कोण, हे पाहा. ती सवाष्ण आहे की नाही हे पाहू नका. आणि तिला खजिनदाराची जागा द्यावयाची असेल तर पहिले हळदीकुंकू तिच्या हातून होऊ द्या.

मुंबईत गिरगावात 1959 साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. लिज्जतचे नाव आज घरोघर आहे. तेथे पापड लाटणारी प्रत्येक भगिनी मालक समजली जाते. त्या बायका ख्रिस्ती नव्हत्या, रमाबाईंचे बोट धरून आल्या नव्हत्या. पण वाट तीच होती. थोडे भांडवल, उघडा हिशेब, आणि हाताखालची असे कोणी नाही.

तेव्हा उद्योग सुरू करण्याआधी चार गोष्टी ठरवा, एवढीच माझी विनंती. वही महिन्यातून एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाईल, आणि जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने समजावून सांगितले पाहिजे. मिळालेली मदत संपेल त्या दिवसासाठी पहिल्या नफ्यातून ठेव बाजूला पडेल. दर दोन वर्षांनी प्रमुख बदलेल, आणि जुनी प्रमुख नवीला शिकवून मगच बाजूला होईल. आणि काम मागावयास आलेल्या बाईला तिचा देव, तिची जात आणि तिचे कपाळ विचारले जाणार नाही.

येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. एका धन्याने परगावी जाताना चाकरांजवळ पैसे ठेवले. दोघांनी ते धंद्यात घालून दुप्पट केले. तिसऱ्याने भिऊन खड्डा खणून पुरून ठेवले, आणि धनी परत आल्यावर रागावला तो त्या तिसऱ्यावर. आपल्या बायकांजवळ देवाने, मग त्याला तुम्ही कोणत्याही नावाने हाक मारा, पुष्कळ काही ठेवलेले आहे. ते आपण पिढ्यान्‌पिढ्या चुलीमागे पुरून ठेवले. आता ते बाहेर काढा. बाजारात घाला. भिऊ नका.

मंडळाची हळद लवकरच माझ्या घरी येवो. पैसे मोजून घेईन, आणि पावती मागेन.